त्रेचाळीस टक्के

रविवारी नारिनला उतरते.
मार्शरुत्कात सीट चौदा, माणसं एकोणीस,
आणि कुणाचं तरी पाय बांधलेलं कोकरू.
जायचे एकशेवीस सोम, यायचे एकशेवीस,
शिवाय चहा घ्यावाच लागतो,
नाहीतर चहावाली भिंतीवरचा पासवर्ड
पदराने पुसल्यासारखा पुसून टाकते.
लोक म्हणतात, बुरुलकान एजे, तुमचं बरंय,
नेटवर सगळं फुकट मिळतं.
मिळतं की.
फुकट ते पौष्टिक.

या खेपेला आठवीसाठी हृदय उतरवत होते.
कुणीतरी, कुठल्या देशातलं कोण जाणे,
रात्री जागून बनवलं असणार.
निळ्या बाजूने रक्त येतं, लाल बाजूने जातं,
झडपा उघडतात, मिटतात,
आणि खाली बारीक अक्षरांत:
घ्या, वापरा, हवं तसं बदला,
माझं नाव तेवढं राहू द्या.
सव्वीस वर्षांच्या नोकरीत
इतकं मोकळं वाक्य
खात्याच्या एकाही परिपत्रकात वाचलेलं नाही.

त्रेचाळीस टक्क्यांवर वीज गेली.

जेवढं आलं तेवढं घेतलं.
पेन ड्राइव्ह लोकरीच्या दोऱ्याने गळ्यात,
स्वेटरच्या आत,
थंडीने मरू नये म्हणून.

सोमवार. उणे बावीस.
भिंतीवर, गिलावा जिथे जरा बरा आहे तिथे,
हृदय उमटलं.
निळीकडून रक्त आलं, झडप उघडली
आणि उघडीच राहिली.
शेगडीतला कोळसा तडतडला तेवढाच आवाज.
मग मागच्या बाकावरून एल्दियार:
"गेलं का, एजे?"
पोरं हसली. मीही.
म्हटलं, उरलेलं पुढच्या रविवारी आणते.

मंगळवारी त्याने पत्र्याची बादली
माझ्या हजेरीपटावरच ठेवली.
"उरलेलं," म्हणाला.
आजोबांच्या वर्षदिनाला मेंढी कापली होती.

तपकिरी, ओलं, माझ्या मुठीएवढं.
"यात निळी बाजू कुठली?" अक्मारालने विचारलं.
मी वाकले, वळवून पाहिलं.
इतकी वर्षं निळी निळी म्हणत शिकवली
आणि निळं कुठेच नव्हतं.
एल्दियारने अस्तनी सारून बोट आत घातलं,
ते पलीकडून बाहेर आलं.
"ही झडप. आजी दार म्हणते.
आत जायला सोपं, माघारी यायला नाही."
आमच्या भाषेत जुरोक म्हणजे काळीज,
आणि ज्याचं बोट कापत नाही
त्याच्याकडे असतं तेही जुरोकच.

भिंतीवरच्यानेही हेच सांगितलं होतं.
पण त्याला वास नव्हता.

अक्मारालच्या आईच्या फोनवर आम्ही ते टिपलं.
कॅमेऱ्याच्या काचेला तडा,
म्हणून डाव्या कडेला सगळं धुक्यात.
आधी त्या अनोळखी माणसाचं हृदय,
थांबतं तिथपर्यंत,
मग बादली.
तिसऱ्या मिनिटाला बाहेर घोडा खिंकाळतो.
पुन्हा घेऊ म्हटलं, तर पोरं म्हणाली, असू दे, तो तुरातचा आहे.
शेवटी नावं: पहिलं त्याचं, मग अकरा आमची,
आणि खाली तेच वाक्य.
घ्या, वापरा, हवं तसं बदला.

चढवायला अडीच तास लागले. तीन कप चहा.
उरलेले सत्तावन्न टक्के
त्या दिवशी उतरवता आले असते.
राहिलेच.

एप्रिलमध्ये पाहिलं. पाहणारे: तीन.
एक मी.
एक एल्दियारचा भाऊ, मॉस्कोत गोदामात खोकी उचलतो.
त्याने बादली ओळखली,
कडी अजून बसवली नाही म्हणून घरी फोन करून ओरडला.
तिसरं कोण?
एल्दियार रोज विचारतो.
मी खडू झटकते, पान उघडायला सांगते.

पण येताना, घाटात, व्हॅन हळू झाली की वाटतं,
कुठल्याशा वर्गात, भलत्याच भाषेत,
बादली भिंतीवर पडली असेल
आणि तिसऱ्या मिनिटाला
एखाद्या पोराने
स्वतःच्या खिडकीकडे वळून पाहिलं असेल,
घोडा कुठे आहे म्हणून.